सी मध्ये अचूक वेळ: लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीकडे खरा आकडा देणारा कोड, पायरीपायरीने

लिनक्सवर लिहिलेला वेळ मोजायचा कोड विंडोजवर नेला की दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर तो कंपाइल होत नाही, आणि ते परवडलं. नाहीतर तो कंपाइल होतो, चालतो, आकडेही देतो, पण ते आकडे भलत्याच गोष्टीचे असतात. हा लेख या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

सगळ्या पायऱ्या झाल्यावर तुमच्याकडे एक हेडर, एक सी फाइल आणि त्यात दोन फंक्शन असतील: वॉल_नॅनो (किती वाजले) आणि मोनो_नॅनो (किती वेळ लागला). दोन्ही ६४ बिटी साइन्ड इंटिजरमध्ये नॅनोसेकंद परत करतात. उरलेल्या प्रोग्रामने वेळेसाठी सिस्टिमच्या कुठल्याही फंक्शनला थेट हात लावायचा नाही. हा नियम पाळलात तर पुढच्या चुका एकाच फाइलमध्ये अडकून राहतात.

नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये क्लॉक_रिअलटाइमसारखी घड्याळांची नावं पूर्ण कॅपिटलमध्ये येतात, पॉझिक्सची (युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या प्रमाणाची) फंक्शनं स्मॉलमध्ये, आणि विंडोजच्या फंक्शनांत अंडरस्कोर न देता प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं.

## १. आधी ठरवा: किती वाजले, की किती वेळ लागला?

बहुतेक चुका या पायरीवरच होतात, कारण ही पायरी कुणी करतच नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमकडे निदान दोन घड्याळं असतात. एक भिंतीवरचं, दुसरं स्टॉपवॉच. भिंतीवरचं घड्याळ तारीख आणि वेळ सांगतं, पण ते कधीही पुढेमागे सरकू शकतं: एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेने) दुरुस्ती केली, कुणी सेटिंगमध्ये जाऊन वेळ बदलली, झोपवलेलं व्हर्च्युअल मशीन जागं झालं. स्टॉपवॉच कधी मागे जात नाही. पण त्याचा शून्य कुठे आहे याला काही अर्थ नसतो. बहुधा मशीन सुरू झाल्याची वेळ असते.

लॉगमधली नोंद, डेटाबेसमधला व्यवहार, सर्टिफिकेटची मुदत यांसाठी वॉल_नॅनो. टाइमआउट, बेंचमार्क, पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वीची थांबण्याची वेळ, गेममधली फ्रेम यांसाठी मोनो_नॅनो. शंका असेल तर स्वतःला विचारा, "मी या आकड्यातून दुसरा आकडा वजा करणार आहे का?" उत्तर हो असेल तर जवळपास नेहमीच मोनो_नॅनो.

हा काही पुस्तकी मुद्दा नाही. १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला, म्हणजे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री, लीप सेकंद (घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घातलेला जास्तीचा सेकंद) घातला गेला तेव्हा क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस सर्व्हरमध्ये दोन वेळांची वजाबाकी ऋण आली आणि प्रोग्राम कोसळले. तो कोड गो भाषेतला होता, पण चूक तीच: कालावधी मोजायला भिंतीवरचं घड्याळ.

इशारा: मोनो_नॅनोचा आकडा फाइलमध्ये साठवू नका, दुसऱ्या मशीनला पाठवू नका. रीबूटनंतर त्याला काही अर्थ उरत नाही.

इशारा: सी च्या स्टँडर्ड लायब्ररीतलं क्लॉक() हे फंक्शन या कामात वापरूच नका. लिनक्स आणि मॅकवर ते प्रोसेसने खाल्लेला सीपीयूचा वेळ देतं, तर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत प्रोसेस सुरू झाल्यापासून उलटलेला वेळ. प्रोग्राम दोन सेकंद नुसता झोपवून आधी आणि नंतर क्लॉक() विचारा; लिनक्सवर फरक शून्याच्या आसपास येईल आणि विंडोजवर दोन सेकंद. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे ही चूक टेस्टमध्ये लवकर दिसत नाही.

## २. बिल्डची तयारी

कोड लिहिण्याआधी या गोष्टी बघून घ्या, नाहीतर अर्धा दिवस लिंकरशी भांडण्यात जातो.

लिनक्सवर कंपायलरला काटेकोर सी११ चा पर्याय दिला की क्लॉक_गेटटाइमची (घड्याळाचं नाव दिलं की त्याची वेळ देणाऱ्या फंक्शनाची) घोषणा हेडरमधून गायब होते, कारण ते फंक्शन पॉझिक्सचं आहे, सी च्या स्टँडर्डचं नाही. उपाय म्हणजे _पॉझिक्स_सी_सोर्स हा मॅक्रो २००८०९एल या किमतीला डिफाइन करणं. तो फाइलमधल्या पहिल्या इन्क्लूडच्याही आधी यायला हवा. मधे एक जरी हेडर आलं तरी उशीर झालेला असतो आणि कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

हाच मॅक्रो मॅकवर मात्र डिफाइन करू नका. तिथे तो ॲपलची जास्तीची घड्याळं लपवतो, आणि आपल्याला त्यांतलंच एक लागणार आहे.

जुना लिनक्स सर्व्हर असेल तर जीलिबसीची (लिनक्सवरच्या सी लायब्ररीची) आवृत्ती बघा. २.१७ पूर्वी क्लॉक_गेटटाइम वेगळ्या लायब्ररीत होतं, म्हणून लिंक करताना आरटी ही लायब्ररी जोडावी लागते. २.१७ पासून गरज नाही.

मॅकवर क्लॉक_गेटटाइम १०.१२ पासून आहे. व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरकडे ते नाहीच, गेटटाइमऑफडेही नाही. तिथे पोकळी भरण्यासाठी नेटवरून गेटटाइमऑफडेची कुणीतरी लिहिलेली नक्कल उचलली जाते. ती घेऊ नका. एकतर मायक्रोसेकंदापर्यंतच जाता येतं, आणि पॉझिक्सने ते फंक्शन २००८ मध्येच कालबाह्य ठरवून २०२४ च्या आवृत्तीतून काढूनही टाकलं आहे.

सी११ मधलं टाइमस्पेक_गेट का नको, असा प्रश्न येईल. वॉल_नॅनोसाठी ते चालू शकतं. पण सी११ मध्ये त्याच्याकडे स्टॉपवॉच नाही. ते सी२३ मध्ये ऐच्छिक म्हणून आलं. शिवाय रिझोल्यूशन किती असेल याची हमी स्टँडर्ड देत नाही. दुसऱ्या फंक्शनासाठी प्लॅटफॉर्मप्रमाणे फाटे फोडावेच लागणार असतील, तर पहिलंही त्याच फाट्यांत लिहिलेलं बरं.

तपासा: तिन्ही मशीनवर रिकामी फंक्शनं (नुसतं शून्य परत करणारी) असलेली फाइल कंपाइल आणि लिंक होते ना? झाली तरच पुढे जा.

## ३. फाट्यांचा क्रम

आधी विंडोज (_विन३२ मॅक्रो, नावात ३२ असलं तरी ६४ बिटी बिल्डमध्येही तो असतो), मग ॲपल, आणि उरलेलं सगळं पॉझिक्स.

विंडोज पहिलं ठेवायचं कारण मिंगडब्ल्यू, म्हणजे विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर. त्यात थ्रेडच्या लायब्ररीतून क्लॉक_गेटटाइम मिळतं, त्यामुळे "हे फंक्शन आहे का" असं विचारून फाटा निवडलात तर मिंगडब्ल्यूचं बिल्ड एका रस्त्याने जाईल आणि व्हिज्युअल स्टुडिओचं दुसऱ्या. एकाच विंडोजवर दोन वर्तनं. मग एखाद्या ग्राहकाकडची तक्रार तुमच्याकडे कधीच दिसणार नाही.

## ४. लिनक्स

वॉल_नॅनोसाठी क्लॉक_रिअलटाइम. मोनो_नॅनोसाठी सगळे क्लॉक_मोनोटॉनिक सुचवतात, पण इथे थांबून एक निर्णय घ्यायचा आहे: लॅपटॉप झोपलेला असताना गेलेला वेळ मोजायचा की नाही?

लिनक्सचं क्लॉक_मोनोटॉनिक झोपेतला वेळ मोजत नाही. मॅकवर त्याच नावाचं घड्याळ मोजतं. विंडोजचा परफॉर्मन्स काउंटरही मोजतो. म्हणजे तुम्ही "दहा मिनिटांनी सेशन बंद" असं लिहिलं आणि वापरणाऱ्याने लॅपटॉप मिटून रात्रभर ठेवला, तर सकाळी विंडोज आणि मॅकवर सेशन संपलेलं असेल, लिनक्सवर जिवंत. सुरक्षेच्या दृष्टीने हे वाईटच.

माझं मत: तिन्हीकडे झोप मोजा. लिनक्सवर त्यासाठी क्लॉक_बूटटाइम आहे, कर्नल २.६.३९ पासून. तो मॅक्रो डिफाइन नसेल तरच क्लॉक_मोनोटॉनिकवर उतरा. तुमचं काम फक्त बेंचमार्कचं असेल तर काहीही निवडा. मोजमाप चालू असताना कुणी झाकण मिटत नाही.

परत आलेल्या स्ट्रक्चरमध्ये टीव्ही_सेक आणि टीव्ही_एनसेक असतात. गुणाकाराच्या आधी टीव्ही_सेकला ६४ बिटी प्रकारात कास्ट करा. गुणाकार झाल्यावर कास्ट करून उपयोग नाही. ३२ बिटी बिल्डमध्ये तोवर आकडा फुटलेला असतो.

इशारा: पीथ्रेडच्या (पॉझिक्सच्या थ्रेड लायब्ररीच्या) कंडिशन व्हेरिएबलवर मुदत घालून थांबता तेव्हा ती मुदत मुळात क्लॉक_रिअलटाइमच्या हिशोबाने धरली जाते. मोनो_नॅनोचा आकडा तिथे दिलात तर मुदत १९७० सालातली ठरते आणि फंक्शन तत्काळ परत येतं. पीथ्रेड_कंडॲटर_सेटक्लॉकने घड्याळ बदलता येतं, पण मॅकवर ते फंक्शन नाही.

## ५. मॅक

ही पायरी छोटी आहे. मोनो_नॅनोसाठी क्लॉक_गेटटाइम_एनसेक_एनपी या फंक्शनाला क्लॉक_मोनोटॉनिक_रॉ द्या. थेट नॅनोसेकंद मिळतात, झोपेसकट. वॉल_नॅनोसाठी क्लॉक_रिअलटाइम, त्यातले शेवटचे तीन अंक नेहमी शून्य दिसतील, कारण मॅकवर ते घड्याळ मायक्रोसेकंदातच चालतं.

जुन्या कोडमध्ये माक_ॲब्सोल्यूट_टाइमचा आकडा सरळ नॅनोसेकंद समजून वापरलेला दिसतो. इंटेल मॅकवर ते प्रमाण एकास एक असल्यामुळे चालून गेलं. एम१ आणि त्यापुढच्या चिपवर प्रमाण १२५ भागिले ३ आहे, म्हणजे एक टिक सुमारे ४१.६७ नॅनोसेकंदांची. बदल न करता तो कोड नेलात तर प्रत्येक गोष्ट चाळीस पटींहून जास्त वेगाने झालेली दिसेल. बेंचमार्क बघून खूश होण्याआधी हे तपासा.

## ६. विंडोज

भिंतीवरची वेळ. गेटसिस्टमटाइमॲजफाइलटाइम हे जुनं फंक्शन सिस्टिमच्या टिकबरोबरच पुढे सरकतं. एरवी ती टिक साधारण १५.६ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे लॉगमध्ये ओळीच्या ओळी एकाच वेळेच्या येतात आणि मग अचानक उडी. विंडोज ८ पासून गेटसिस्टमटाइमप्रिसाइजॲजफाइलटाइम आहे, तेच वापरा. विंडोज ७ वरही चालवायचं असेल तर ते गेटप्रॉकॲड्रेसने चालताना शोधा आणि मिळालं नाही तर जुन्यावर या. थेट लिंक केलंत तर विंडोज ७ वर प्रोग्राम सुरूच होणार नाही.

मिळालेला आकडा १ जानेवारी १६०१ पासूनच्या १०० नॅनोसेकंदांच्या एककांत असतो. १९७० वर आणायला ११६४४४७३६००००००००० वजा करा आणि मग १०० ने गुणा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी गुणलंत तर आजच्या तारखेला आकडा साइन्ड ६४ बिटांच्या मर्यादेबाहेर जातो.

फाइलटाइमच्या स्ट्रक्चरमध्ये ३२ बिटांचे दोन तुकडे असतात. पॉइंटर कास्ट करून ते एकदम ६४ बिटी म्हणून वाचू नका. मेमरीतली मांडणी त्याची हमी देत नाही. वरचा तुकडा ३२ बिटांनी डावीकडे सरकवा आणि खालचा त्यात मिसळा.

स्टॉपवॉच. क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर टिक देतं आणि क्वेरीपरफॉर्मन्सफ्रिक्वेन्सी सेकंदाला किती टिक ते सांगतं. आता नेहमीची चूक बघा. सरळमार्गी माणूस लिहितो:

नॅनो = काउंटर × १००००००००० / वारंवारिता

विंडोज १० च्या बऱ्याच मशीनवर वारंवारिता १ कोटी असते. साइन्ड ६४ बिटांची मर्यादा सुमारे ९.२२ गुणिले १० चा १८ वा घात. तिला १०० कोटींनी भागलं की उरतात सुमारे ९२२ कोटी टिक, म्हणजे ९२२ सेकंद. मशीन सुरू होऊन सव्वापंधरा मिनिटं झाली की गुणाकार फुटतो. आकडा ऋण होतो, मग पुन्हा धन, मग पुन्हा ऋण. नुकत्याच सुरू केलेल्या टेस्ट मशीनवर सगळं हिरवं, ग्राहकाच्या आठवडाभर चालू असलेल्या मशीनवर गोंधळ.

बरोबर रीत भागाकार आधी करण्याची:

सेकंद = काउंटर / वारंवारिता
उरलेले = काउंटर % वारंवारिता
नॅनो = सेकंद × १००००००००० + उरलेले × १००००००००० / वारंवारिता

उरलेले नेहमी वारंवारितेपेक्षा कमी असतात, म्हणून वारंवारिता ३०० कोटी असली तरी दुसरा गुणाकार मर्यादेत बसतो.

वारंवारिता बूटच्या वेळी ठरते आणि नंतर बदलत नाही. मेनच्या सुरुवातीला एकदाच वाचून ठेवा. "पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा वाचू" असं स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये केलंत तर दोन थ्रेड एकदम येऊ शकतात, आणि ३२ बिटी बिल्डमध्ये अर्धवट लिहिलेला आकडा हाती लागू शकतो.

इशारा: गेटटिककाउंट ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं. ते कुठे शिल्लक असेल तर आजच काढा. आणि प्रोसेसरचा सायकल काउंटर, आरडीटीएससी, थेट वाचायचा मोह आवरा: तो टिक देतो, वेळ देत नाही, आणि एआरएमवर ती सूचनाच नाही.

## ७. आकडे हाताळताना

वेळ डबलमध्ये ठेवू नका. १९७० पासूनचे सेकंद आज १०० कोटींच्या बरेच पुढे आहेत. त्या टप्प्यात डबलच्या दोन लागोपाठच्या किमतींमधलं अंतर सुमारे २३८ नॅनोसेकंद असतं. त्याहून बारीक काहीही केलेलं वाया जातं. ६४ बिटी साइन्ड इंटिजरमध्ये नॅनोसेकंद २२६२ सालापर्यंत मावतात. डबल वापरायचाच तर वजाबाकी झाल्यावर, छापण्यापुरता.

छापताना होणारी एक चूक मला इतक्या ठिकाणी दिसते की ती पूर्ण दाखवतो. समजा पाच सेकंद आणि ३०००००० नॅनोसेकंद आहेत, म्हणजे ५.००३ सेकंद. सेकंद, टिंब आणि नॅनोसेकंद असे साधे छापले तर ओळीत दिसतं:

५.३००००००

वाचणाऱ्याला वाटतं पाच पूर्णांक तीन. टिंबानंतरचा आकडा नऊ अंकी आणि पुढे शून्यं भरलेलाच छापायला हवा, म्हणजे पर्सेंटनंतर शून्य-नऊ. तेव्हा बरोबर ओळ येते:

५.००३००००००

आणि ६४ बिटी आकड्यासाठी एल-डी लिहू नका. विंडोजवर लाँग ३२ बिटांचाच असतो. इंटटाइप्स हेडरमधला पीआरआयडी६४ वापरा.

## ८. स्थानिक वेळ फक्त दाखवताना

साठवायचं ते यूटीसी. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे आणि आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे सरळ १९८०० सेकंद मिळवायचा मोह होतो. तोच प्रोग्राम न्यू जर्सीतल्या क्लायंटकडे गेला की मार्च आणि नोव्हेंबरमध्ये फोन येतात. उलट बाजूची चूकही बघा: टाइम झोनचा फरक पूर्ण तासांत साठवणारा कोड भारताचा अर्धा तास गिळतो आणि नेपाळची पंचेचाळीस मिनिटंही.

नॅनोसेकंदांना १०० कोटींनी भागून टाइम_टी काढा आणि थ्रेड-सुरक्षित रूपांतर वापरा: पॉझिक्सवर लोकलटाइम_आर, विंडोजवर लोकलटाइम_एस. पॉझिक्सवर साधं लोकलटाइम सगळ्या थ्रेडना एकच स्ट्रक्चर वाटून देऊ शकतं.

इशारा: या दोघांच्या आर्ग्युमेंटचा क्रम उलटा आहे. लोकलटाइम_आर आधी वेळ घेतं आणि मग स्ट्रक्चर; मायक्रोसॉफ्टचं लोकलटाइम_एस आधी स्ट्रक्चर. यशाची खूणही वेगळी: पहिलं पॉइंटर देतं, दुसरं शून्य.

## ९. तपासणी

१. मोनो_नॅनो दहा लाख वेळा लागोपाठ बोलवा. एकही फरक ऋण येता कामा नये. शून्याहून मोठा सगळ्यात छोटा फरक लिहून ठेवा. तेच तुमचं खरं रिझोल्यूशन. क्लॉक_गेटरेस लिनक्सवर बिनदिक्कत १ नॅनोसेकंद सांगतं, त्यावर विसंबू नका.

२. प्रोग्राम चालू असताना व्हर्च्युअल मशीनची वेळ एक तास मागे करा. वॉल_नॅनो मागे जायला हवं, मोनो_नॅनो ढिम्म. आधी आपोआप वेळ जुळवणं बंद करा, नाहीतर ती लगेच परत येईल आणि टेस्ट पास झाल्यासारखं वाटेल.

३. विंडोज मशीन निदान वीस मिनिटं चालू ठेवून मगच टेस्ट चालवा. कारण वर आलंच आहे.

४. लॅपटॉप दोन मिनिटं झोपवा. तिन्ही प्लॅटफॉर्मवर मोनो_नॅनोमध्ये ती दोन मिनिटं दिसायला हवीत.

५. लिनक्सवर प्रत्येक कॉल अपेक्षेपेक्षा फार महाग वाटला तर सिस्टिमच्या क्लॉकसोर्स फोल्डरमधली करंट_क्लॉकसोर्स ही फाइल वाचा. इंटेल आणि एएमडीच्या मशीनवर तिथे टीएससी (प्रोसेसरचा तोच सायकल काउंटर) असेल तर ठीक. एचपीईटी किंवा एसीपीआय_पीएम (प्रोसेसरबाहेरचे हळू टायमर) असेल तर प्रत्येक वेळी कर्नलमध्ये जावं लागतं; कोड कितीही घासलात तरी फरक पडणार नाही.

एवढं झालं की कोड बारीक आकडे देतो. ते खरे आहेत का, हा वेगळा प्रश्न, आणि तो मशीनच्या घड्याळाचा आहे. लिनक्सवर क्रोनीसी या कमांडला ट्रॅकिंग विचारा, विंडोजवर डब्ल्यू३२टीएम या कमांडला स्टेटस. दोन सर्व्हरची घड्याळं एकमेकांपासून तीन मिलिसेकंद सरकलेली असतील, तर त्यांचे लॉग एकत्र करून नॅनोसेकंदांप्रमाणे लावलेला क्रम काहीच सिद्ध करत नाही. कोणती घटना आधी घडली हे खरोखरच हवं असेल तर नोंदीत वेळेसोबत अनुक्रमांक टाका आणि क्रम त्यावरून लावा.